नोंद कोणाच्या हाती?

गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या आणि उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या ऊस उत्पादकाला एकच चिंता असते : माझा ऊस कधी जाणार? वाढ पुरी झालेला ऊस शेतात फार काळ ठेवता येत नाही, आणि तोडलेला तर मुळीच नाही, कारण तोडणीनंतर त्यातली साखर उतरायला लागते आणि वजनही घटते. कारखान्याची रोजची गाळप क्षमता मात्र ठरलेली असते. हजारो शेतकऱ्यांचा ऊस एकाच सुमारास तयार होतो, म्हणून रांग लावणे भागच असते. ही रांग कोण लावतो, कोणत्या नोंदींवरून लावतो आणि रांगेतली आपली जागा शेतकऱ्याला तपासता येते का, यावर त्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरते. माहिती तंत्रज्ञानामुळे संस्थांच्या कामाची रीत कशी पालटते, हा विषय व्यवस्थापनाच्या पुस्तकांत बहुधा मोटारींचे कारखाने आणि बँका यांच्या उदाहरणांनी समजावला जातो. मराठी वाचकाला तो लखनऊच्या डालीबाग भागातल्या ऊस आयुक्तालयाकडे पाहून अधिक चांगला कळेल. तिथल्या व्यवहारात जे पणाला लागलेले असते, ते आपल्याही घरोघरी ओळखीचे आहे.

उत्तर प्रदेशात उसाची ही रांग १९५३ च्या ऊस पुरवठा व खरेदी नियमन कायद्याने बांधलेली आहे. प्रत्येक कारखान्याला गावे राखून दिली जातात. शेतकरी सहकारी गन्ना विकास समितीचा सभासद असतो आणि त्याचा ऊस समितीमार्फत कारखान्याला जातो. हंगामाआधी प्रत्येकाचे उसाचे क्षेत्र मोजतात; ते क्षेत्र आणि मागच्या हंगामांतल्या पुरवठ्याची सरासरी पाहून त्याने किती क्विंटल ऊस घालायचा ते ठरते. या कराराला तिकडे ‘सट्टा’ म्हणतात. सट्ट्याची पंधरवड्यांत विभागणी केली की शेतकऱ्याचे ‘कॅलेंडर’ तयार होते, आणि त्यानुसार त्याला मिळणारा ऊस घालण्याचा परवाना म्हणजे ‘पर्ची’. पर्चीशिवाय काट्यावर ऊस घेत नाहीत. आपल्याकडे कारखाना तोडणी-वाहतुकीची व्यवस्था करतो, टोळी पाठवतो. तिकडे शेतकरी स्वतः ऊस तोडून बैलगाडीने किंवा ट्रॉलीने खरेदी केंद्रावर नेतो. त्यामुळे सगळा हंगाम या एका परवान्याभोवती फिरतो. पर्ची उशिरा आली तर खोडव्याचे रान मोकळे होत नाही, गव्हाची पेरणी लांबते, आणि ज्याला थांबणे परवडत नाही तो कमी दराने गुऱ्हाळाला ऊस देऊन मोकळा होतो. राज्यात सुमारे १२० कारखाने आहेत आणि ऊस उत्पादकांची संख्या ४५ लाखांच्या आसपास आहे. एवढ्या लोकांची रांग न्यायाने लावणे हे जगातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या मालपुरवठ्याइतकेच अवघड काम आहे.

या कामात वर्षानुवर्षे काय बिघडत होते, हे नीट पाहिले पाहिजे. कायद्याने पुरवठ्याचा कारभार समितीचा होता, पण प्रत्यक्षात कॅलेंडर आणि पर्च्या तयार करण्याचे संगणकीय काम बरेचसे कारखान्यांच्या यंत्रणेत होत होते. जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, सभासदत्वाची समितीकडे, क्षेत्रमोजणीची गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वहीत आणि वजनाची कारखान्याच्या काट्यावर, अशी एकाच शेतकऱ्याची माहिती चार ठिकाणी विखुरलेली होती. त्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याची सोय नसल्याने खोट्या नावांवर सट्टे होऊ शकत. ज्याच्या रानात ऊस नाही त्याच्या नावाची पर्ची निघे आणि ती गरजवंताला विकली जाई. आपली पर्ची का आली नाही, हे साध्या शेतकऱ्याला समितीच्या बाबूला विचारावे लागे, आणि मिळेल ते उत्तर मान्य करण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग नसे. या सगळ्या काळात संगणक नव्हते असे नाही. संगणक होते, छपाईयंत्रे होती, पर्च्या संगणकातूनच छापून येत होत्या. जुना कारभार जसाच्या तसा ठेवून त्याला यंत्राचा वेग दिला गेला होता, एवढेच. जी नोंद खोटी होती ती आता अधिक लवकर छापली जात होती.

२०१९-२० च्या हंगामापासून लखनऊच्या ऊस विभागाने ‘स्मार्ट गन्ना किसान’ या नावाने जी व्यवस्था आणली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. राज्यातल्या सगळ्या समित्यांसाठी एकच संगणक प्रणाली आली आणि पर्ची काढण्याचे काम कारखान्यांच्या यंत्रणेतून निघून समित्यांकडे आले. रोज कोणत्या केंद्रावर किती ऊस हवा ती मागणी कारखान्याने कळवायची, आणि त्या मागणीत कोणाचा ऊस बसतो ते समितीने ठरलेल्या नियमांनी काढायचे, अशी विभागणी झाली. क्षेत्राची मोजणी जीपीएसवर आधारलेल्या यंत्रांनी होऊ लागली. मोजणीचे आणि सट्ट्याचे आकडे गावात मांडून दाखवायचे, हरकती घ्यायच्या आणि मग कॅलेंडर पक्के करायचे, हा क्रम लावला गेला. शेतकऱ्याला आपली मोजणी, सट्टा, कॅलेंडर, पर्ची आणि घातलेल्या उसाचे वजन हे सर्व संकेतस्थळावर आणि ‘ई-गन्ना’ ॲपवर दिसू लागले. पर्ची मोबाइलवर संदेशाने येऊ लागली आणि पुढे कागदी पर्चीची जागा या संदेशानेच घेतली. नंतरच्या हंगामांत शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीचे घोषणापत्र ऑनलाइन भरावे, म्हणजे ते महसुली नोंदीशी ताडता येईल, हीही अट आली. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा गाळप हंगाम अजून चालू होता. उत्तर प्रदेशातले कारखाने बंद न पडता चालत राहिले, आणि समितीच्या दारात गर्दी न करता शेतकऱ्याला पर्ची मिळण्याची सोय तेव्हा हाताशी होती.

या बदलाचा अर्थ लावायला व्यवस्थापनशास्त्रातला एक जुना वाद उपयोगी पडतो. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात असे बजावले की जुन्या कामाला नुसता संगणक जोडू नका, ते काम मुळातच नव्याने मांडा. त्यांचे गाजलेले उदाहरण फोर्ड कंपनीच्या देणी विभागाचे आहे. तिथे ५०० हून अधिक माणसे पुरवठादारांची बिले तपासत होती. संगणक आणून त्यांपैकी २० टक्के कमी करता येतील असा अंदाज होता. पण माझ्दा ही तुलनेने लहान कंपनी तेच काम पाच माणसांत करते हे कळल्यावर फोर्डने प्रश्नच बदलला. मालाची मागणी सामाईक नोंदीत भरायची, माल आला की गोदामातल्या कारकुनाने ती नोंद तिथेच पडताळायची, जुळली की पैसे चुकते करायचे. पुरवठादाराच्या बिलाचीच गरज उरली नाही आणि माणसे ७५ टक्क्यांनी कमी लागली. थॉमस डेव्हनपोर्ट यांनी १९९३ मध्ये या विषयावर सविस्तर पुस्तक लिहिले आणि कामाच्या रीतीतले नवनिर्माण हा माहिती तंत्रज्ञानाचा खरा उपयोग मानला. पुढच्या संशोधनाने एक पाऊल आणखी टाकले. सारख्याच किमतीची सारखीच यंत्रे घेऊनही एक संस्था पालटते आणि दुसरी तशीच राहते, याचे कारण संशोधक यंत्राबाहेर, संस्थेच्या अंगच्या क्षमतेत शोधू लागले. मायकेल वेड आणि जॉन हलंड यांनी २००४ मध्ये या क्षमतांचे तीन गट मांडले : बाहेरच्यांशी, म्हणजे ग्राहक-पुरवठादारांशी, माहितीचे नाते जोडणारी क्षमता, आतली यंत्रणा नेटकी, स्वस्त आणि भरवशाची चालवण्याची क्षमता, आणि या दोहोंना जोडून तंत्र आणि कारभार यांचे निर्णय एकत्र घेण्याची क्षमता.

पर्चीच्या व्यवहाराला ही मांडणी लावून पाहिली की कोणता बदल नेमका कशामुळे झाला ते वेगळे करता येते. विखुरलेल्या नोंदी एका ठिकाणी आणून एकमेकींशी ताडणे ही आतली क्षमता. तिने खोटा सट्टा अवघड केला, पण एवढ्याने शेतकऱ्याचा विश्वास मिळाला नसता, कारण जुळवलेली नोंदही दाराआड राहू शकते. शेतकऱ्याला स्वतःचे आकडे दिसणे आणि त्यावर हरकत घेता येणे ही बाहेरची क्षमता. तिने बाबूच्या उत्तराची सक्ती संपवली. या दोन्ही गोष्टी पुरेसा पैसा असेल तर विकत घेता येतात. तिसरी तशी घेता येत नाही. पर्ची काढण्याचा अधिकार कारखान्यांच्या यंत्रणेतून काढून घेणे, थोडा ऊस असलेल्या छोट्या शेतकऱ्याला रांगेत आधी जागा देण्याचे नियम सगळीकडे सारखे लावणे आणि ते नियम कोणाच्या मर्जीवर न सोडता प्रणालीत बसवणे, हा कारभाराचा निर्णय होता. माझे म्हणणे असे की कामाच्या रीतीत खरा बदल या तिसऱ्या क्षमतेने होतो, आणि तिची खूण ओळखायला सोपी आहे : नोंद कोणाच्या हाती आहे आणि तिच्यावरून निर्णय कोण घेतो, यात फरक पडला का? पडला नसेल तर संस्थेने यंत्र घेतले आहे, रीत पालटलेली नाही.

हे पारखायला महाराष्ट्रातला एक प्रयोग समोर आहे, आणि तो उत्तर प्रदेशाच्या वीस वर्षे आधीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा, राज्य शासनाचा आणि वारणेच्या सहकारी संस्थांचा त्यात सहभाग होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यात धरली होती. गावोगावी संगणक केंद्रे ठेवून शेतीसल्ला, बाजारभाव आणि इंटरनेटवरचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवायचे, असे मोठे स्वप्न त्यामागे होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला. केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या रोजच्या व्यवहारापुरता, म्हणजे तोडणीचा परवाना, वजन आणि खात्यावरचे आकडे यांपुरता उरलेला त्यांना दिसला. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि लघुसंदेश वापरून पाहिला, आणि तेच काम कमी खर्चात झाले. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

वारणेच्या प्रयोगाला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याची आपल्या खात्याची चौकशी गावातच होऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हती. त्यातून मिळालेला धडा मात्र स्पष्ट आहे. यंत्र कितीही मोठ्या हेतूने आणले तरी संस्थेची मूळची कार्यपद्धती जेवढी असते तेवढ्यापुरतेच ते वापरले जाते. वारणेची साखर सहकारी संस्था उसाच्या नोंदी ठेवण्यात पारंगत होती, म्हणून संगणकही त्याच कामाला लागला. शेतीसल्ला आणि बाजारभाव यांचा व्यवहार कोणी चालवायचा, त्यासाठी कोणते जुने टप्पे मोडायचे, हे ठरवणारी घडी बसलेली नव्हती. तिथे संगणक असूनही काही उगवले नाही. उलट साधा मोबाइल हाती असताना, पण कारभाराचा निर्णय घेतल्यावर, उत्तर प्रदेशात एक जुनी रीत मोडली. तंत्राची श्रीमंती आणि रीतीतला बदल यांचा संबंध किती सैल असतो, ते या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते.

लखनऊतच याला पुष्टी देणारे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते शेतीशी संबंध नसलेल्या क्षेत्रातले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी १०० क्रमांकाचे राज्यभराचे केंद्र लखनऊत सुरू केले. ऑक्टोबर २०१९ पासून तेच ११२ क्रमांकावर चालते. त्याआधी मदतीचा फोन त्या त्या जिल्ह्यातच जाई आणि त्याची नोंद स्थानिक पातळीवरच राही. आता ७५ जिल्ह्यांतला फोन लखनऊत घेतला जातो, तिथे नोंदवला जातो आणि जीपीएसने जवळ दिसणाऱ्या गाडीला पाठवला जातो. सुरुवातीला यासाठी सुमारे ३,२०० गाड्या दिल्या गेल्या. गाड्या आणि पडदे डोळ्यांत भरतात, पण रीतीतला बदल त्याहून खोल आहे. पोलीस ठाण्याला कळण्याआधी घटनेची नोंद दुसरीकडे झालेली असते, म्हणून असा फोन आलाच नाही असे म्हणायला जागा उरत नाही. पर्चीतही हेच घडले. ज्याच्या कामाची पारख व्हायची, त्याच्याच ताब्यातून नोंद बाहेर आली.

या युक्तिवादावर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की मोबाइलवर आलेली पर्ची सगळ्यांना सारखी पोचत नाही. हा आक्षेप खरा आहे. चुकीचा किंवा बदललेला क्रमांक, भरलेली संदेशपेटी, जाहिरातींचे संदेश थांबवताना कामाचेही अडणे, यांमुळे पर्च्या चुकतात. ऊस विभागाला शेतकऱ्यांना क्रमांक दुरुस्त करा, संदेशपेटी रिकामी ठेवा, असे पुन्हा पुन्हा सांगावे लागले आहे. ज्याचा फोन मुलाच्या खिशात परगावी असतो, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी कागदच बरा होता. पण हा आक्षेप माझा मुद्दा मोडत नाही, तो पुढे नेतो. शेवटच्या माणसापर्यंत पोचणे हाही क्षमतेचाच भाग आहे. पर्चीची यादी समितीच्या आणि केंद्राच्या फलकावर लागली पाहिजे, दूरध्वनीवर विचारता आली पाहिजे, आणि संदेश पोचला नाही म्हणून पर्ची बुडाली असे होता कामा नये. ही सोय नसेल तर नवी रीत जुन्याच दुबळ्यांना नव्याने वगळते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. ऊस वेळेवर गेला, पण बिल वेळेवर आले का? केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागते. तरी उत्तर प्रदेशात थकबाकीचा प्रश्न हंगामामागून हंगाम उभा राहिला. माहितीच्या प्रणालीने तिजोरीत पैसा येत नाही. साखरेचा दर, कारखान्याची कर्जे आणि मालकाची नियत यांवर ते अवलंबून असते. हे मान्य करूनही इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. थकबाकी कमी करण्यासाठी साखरविक्रीतल्या पैशाचा ८५ टक्के वाटा वेगळ्या खात्यात बांधून तो उसाच्या बिलांसाठीच राखायचा, अशी व्यवस्था राज्याने लावली. विकलेल्या साखरेची आणि देय बिलांची नोंद भरवशाची असल्याखेरीज असा वाटा राखता येत नाही. म्हणजे नोंद पैसा निर्माण करत नसली तरी असलेला पैसा भलतीकडे वळू न देण्याचे बळ ती देते. तेवढेच श्रेय तिला द्यावे, अधिक नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सगळी नोंद राजधानीत एकवटली की गावच्या समितीचे आणि शेतकऱ्याचे बळ वाढते की आयुक्तालयाचे? नियमाचे एक कलम बदलले की लाखो कॅलेंडरे एका रात्रीत बदलू शकतात, आणि एक चूकही तितकीच दूरवर पसरते. अशा वेळी प्रणालीला विचारा, एवढे उत्तर मिळाले तर बाबूच्या जागी संगणक बसला, इतकाच फरक पडेल. म्हणून आकडे पक्के होण्याआधी गावात मांडणे आणि हरकती ऐकणे हा या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा टप्पा आहे. वेळ वाचवण्यासाठी तो टप्पा उरकला गेला किंवा नुसता कागदोपत्री राहिला, तर बाकीची सगळी प्रणाली चोख चालूनही न्याय होणार नाही. नोंद एकत्र असणे आणि ती तपासण्याचा अधिकार पसरलेला असणे, या दोन गोष्टी बरोबरीने चालायला हव्यात.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? लखनऊची प्रणाली उचलून पुण्याच्या साखर संकुलात बसवणे हे उत्तर नाही, कारण आपली रांग वेगळ्या ठिकाणी अडते. आपल्याकडे नोंद कारखान्याच्या गट कार्यालयात होते, लागणीच्या तारखेनुसार तोडणी कार्यक्रम लागतो आणि टोळी आली तरच ऊस जातो. टोळ्या कमी पडल्या किंवा ऊस जास्त झाला की क्रम मोडतो. मग टोळीची ‘खुशाली’ आणि ड्रायव्हरची ‘एन्ट्री’ यांच्या नावाखाली शेतकऱ्याला पैसे मोजावे लागतात, आणि तुरा आलेला ऊस पाहत बसावे लागते. २०२१-२२ च्या हंगामात उसाचे विक्रमी पीक आले, गाळप जूनपर्यंत लांबले आणि मराठवाड्यात उभ्या उसाचा प्रश्न पेटला. त्यानंतर २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले, त्यातून शेतकऱ्याला स्वतः नोंद करण्याची सोय झाली. ही चांगली सुरुवात होती, पण वर सांगितलेली कसोटी तिला लावली पाहिजे. नोंद शेतकऱ्याच्या हाती आली, तिच्यावरून तोडणीचा क्रम लावण्याचा निर्णय कोणाच्या हाती राहिला? टोळी कोणत्या गटात गेली, कोणाचा ऊस क्रमाबाहेर तोडला गेला, हे त्या गावातल्या बाकीच्या सभासदांना दिसते का? चिटबॉयच्या, म्हणजे तोडणीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याच्या, वहीतला क्रम आणि प्रत्यक्ष तोड यांतला फरक जोवर सर्वांसमोर येत नाही, तोवर ॲप म्हणजे अर्ज करण्याची आणखी एक खिडकी राहील. आणि क्रम उघड होईल तेव्हा त्या क्रमाने टोळी पाठवण्याची जबाबदारीही कारखान्यावर बांधून द्यावी लागेल.

आपले सहकारी साखर कारखाने मुळात याच विचारातून उभे राहिले की उसाचा मालक शेतकरी आहे, म्हणून कारखान्याचाही मालक तोच असावा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेला जे मांडले ते यंत्राचे नवल नव्हते. मालकी आणि निर्णय कोणाकडे असावेत, याची ती नवी मांडणी होती. माहितीच्या युगात त्या मांडणीला पुढची पायरी जोडायची आहे. सभासदाला भागाचा दाखला मिळाला, आता त्याला कारखान्याच्या नोंदी पाहण्याचा आणि त्यांवर हरकत घेण्याचा हक्क रोजच्या व्यवहारात मिळाला पाहिजे. शासनाच्या खात्यापासून सहकारी बँकेपर्यंत कुठलीही संस्था नवी संगणक प्रणाली घेण्यासाठी निविदा काढते, तेव्हा तिच्या सभासदांनी आणि नागरिकांनी विचारायचे प्रश्न हेच आहेत : या प्रणालीनंतर कोणता टप्पा संपणार, कोणाचा अधिकार बदलणार, आणि माझी नोंद मला दिसणार का? यांची उत्तरे तयार नसतील तर खरेदी थांबवावी आणि आधी कारभाराची घडी बदलावी.